येनावरच्या कोशांतून एक विटकरी आणि एक पिवळा पतंग निघाला. या दोन जाती आहेत का? मुगा (आसामचा सोनेरी रेशमाचा किडा) इथे जगेल का?

तुम्ही लिहिलंय की आरमोरीकडे धुऱ्यावरच्या येनावर (पुस्तकातला ऐन) लहानमोठे कोसे सापडले, त्यांतून वेगवेगळ्या रंगांचे दोन पतंग निघाले आणि फोटो पाहून कोणी ‘मायलिट्टा’ सांगितलं, कोणी ‘पाफिया’.

दोन्ही एकाच जातीचे आहेत, आपल्या टसर रेशमाच्या पतंगाचे. विटकरी तो नर आणि पिवळी ती मादी, असं धरायला हरकत नाही, पण रंगावर फार विसंबू नका. मादी राखाडी किंवा बदामीही निघते. मिशा बघा. नराच्या मिशा रुंद, दोन्ही बाजूंनी दाट पिसांसारख्या असतात, मादीच्या अरुंद. मादीचं पोट अंड्यांनी टम्म असतं आणि तिचा कोसाही मोठा, वजनदार असतो. म्हणजे तुमच्या लहानमोठ्या कोशांचा उलगडाही बराचसा इथेच होतो.

नावाचा घोळ जुना आहे. लिनियसने १७५८ साली ‘पाफिया’ हे नाव दिलं, ड्रुरीने १७७३ साली ‘मायलिट्टा’. दोन्ही एकच मानणारे वर्गीकरणवाले जुन्या नावाला मान देऊन अँथेरिया पाफिया लिहितात. रेशीमवाल्यांनी मात्र आपलं अँथेरिया मायलिट्टा सोडलेलं नाही, केंद्रांवरच्या पुस्तिकांत तेच दिसेल. माझ्या मते शेतकऱ्याने मायलिट्टाच लिहावं. बियाणं, रोग, जोपासना यांवरची सगळी माहिती त्याच नावाखाली सापडते.

अँथेरिया हा सॅटर्निडी कुळातला वंश, ह्यूब्नरने १८१९ साली मांडलेला. त्यात पन्नासहून जास्त जाती आहेत. बहुतेक आशियात आहेत, पण पॉलिफिमस उत्तर अमेरिकेतला, आणि जपानचा यामामाई रेशमासाठी एकोणिसाव्या शतकात युरोपात नेला तो तिथल्या जंगलात कायमचा राहिला. काही अभ्यासक मुग्याला अँथेरिऑप्सिस आणि पॉलिफिमसला टेलिया अशा वेगळ्या उपवंशांत घालतात. तुतीचा रेशीमकिडा तर या कुळातलाच नाही, तो बॉम्बिसिडीतला. एरंडीवरचा एरी कुळाने जवळचा, पण वंश वेगळा.

या वंशात गुणसूत्रांची गंमत बघण्यासारखी आहे. एका संचात मायलिट्टाची ३१, मुग्याची १५, हिमालयातल्या रॉयलीची ३० आणि चिनी ओक-टसर (ओकच्या पानांवर वाढणारा टसर) पर्नीची ४९. एवढा फरक असूनही पर्नी आणि रॉयली यांचा संकर झाला आणि पिल्लं वांझ निघाली नाहीत. तीच आपल्या ओक-टसरची प्रॉयली. रॉयलीच्या एका अखंड गुणसूत्रासमोर पर्नीचे दोन तुकडे जोडीला बसतात, म्हणून जमतं. पतंगांच्या गुणसूत्राला पेशी विभागताना पकडीची एकच ठरलेली जागा नसते, त्यामुळे तुकडा पडला तरी तो वाया जात नाही.

आता इथलं बघू. आपल्या झाडीपट्टीत येनावर किंवा अर्जुनावर देठाचा कोसा मिळाला तर तो मायलिट्टाच समजा. अळी आधी रेशमाचा चिवट देठ विणते, त्याची कडी फांदीभोवती घट्ट बसवते आणि मग कोसा बांधते. ओढून बघा, पान गळेल पण कडी सुटणार नाही. आंब्यावर किंवा काजूवर सोनेरी जाळीदार कोसा दिसला तर तो क्रिक्युला. पतंगाच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील तर अ‍ॅक्टियस. पंखांवर काचेसारखे आरपार दिसणारे त्रिकोण असतील तर अ‍ॅटॅकस. आपल्या टसरच्या चारही पंखांवर गोल, आरपार दिसणारा डोळा असतो.

जात एक असली तरी मायलिट्टात प्रदेशागणिक वाण बरेच आहेत: झारखंडचा डाबा, ओडिशाचे सुकिंदा आणि मोडल, बस्तरचा रैली, आणि आपल्या नावाचा भंडारा. बाहेरून बियाणं आणणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. डाबा वर्षाला दोन-तीन पिकं देतो, मोडल एकच. असे कोसे एका माळेत ओवले तर पतंग मागेपुढे निघतात. नर आज, मादी दहा दिवसांनी. पतंगाला खायला तोंडच नसतं, तो आठवडाभर जेमतेम जगतो, मग जोडी लागणार कशी? माद्या फलन न झालेली अंडी घालतात आणि ती फुटत नाहीत. म्हणून वाणागणिक माळा वेगळ्या टांगा आणि प्रत्येकीवर गावाचं नाव व तोडणीची तारीख लिहा. अंडी घालून झालेल्या प्रत्येक मादीचं पोट खलून पेब्रिनसाठी मायक्रोस्कोपखाली तपासून घ्या. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो, त्यामुळे दिसायला चांगल्या अंड्यांवर भरवसा नको.

मुगा इथे आणू नका. त्याला सोम आणि सोआलूची झाडं लागतात आणि आसामची ओलसर हवा. येनावर त्याचं जमणार नाही.

पतंग मेलेला असेल आणि खात्रीच करायची असेल तर पोटाचं शेवटचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी पाण्यात मऊ ब्रशने साफ करा आणि नराच्या जननांगाचा आकार भिंगाखाली बघा. हातमोजे घाला, हे द्रावण कातडी भाजतं. जास्त वेळ राहिलं तर पातळ पडदे विरघळून काहीच ओळखू येत नाही. पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा पंख पसरलेला एक, मिशांचा जवळून एक आणि देठासकट कोशाचा एक टाका, शिवाय झाड कोणतं तेही लिहा.