तिसऱ्या फोटोतला माका खरा

ताई, तेलासाठी आणि पितृपंधरवड्यासाठी माका हवा म्हणून तुम्ही तीन फोटो टाकलेत आणि यातला खरा कुठला असं विचारलंत. आधी उत्तर: तिसरा. नाल्याच्या कडेचा, अगदी बारीक पांढऱ्या फुलांचा. पहिल्या फोटोत मोकळ्या प्लॉटवरची एकदांडी आहे. दुसऱ्यातली सोसायटीच्या बागेतली पिवळी म्हणजे सिंगापूर डेझी. नर्सरीत ती पुष्कळदा 'पिवळा भृंगराज', म्हणजे पिवळा माका, म्हणून विकतात, त्यामुळे तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे.

तिघीही सूर्यफुलाच्या कुळातल्या. या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक 'पाकळी' हे एक वेगळं फूल आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. म्हणून नुसता वरून काढलेला फोटो फसवतो. मला कुणी ओळखायला विचारलं तर मी नेहमी तीन गोष्टी मागते: फुलाचा देठ कडेने, फुलाची मागची बाजू आणि सुकलेलं फूल. बी दिसलं की निम्मा प्रश्न सुटतो.

एकदांडी ओळखायला सगळ्यात सोपी, कारण नावातच खूण आहे. जमिनीलगत पसरलेल्या झाडातून वीतभर लांब, उघडा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल. मधली चकती पिवळी. कडेला मोजक्याच, बहुधा पाच, दुधी रंगाच्या रुंद पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. भिंग असेल तर हे दाते बघाच, फार सुंदर दिसतात. पानं खोल दातेरी आणि केसाळ. फूल सुकलं की पिसासारख्या केसांचा झुपका उघडतो आणि बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आपल्याकडे इतकी रुळली की गावोगाव तिला 'दगडी पाला' आणि 'कंबरमोडी' अशी नावं मिळाली. खरचटलं की हिचा पाला चोळून लावणारी माणसं अजून आहेत. वाईट झाड नव्हे, पण माका नव्हे.

आता माका. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा अल्बा सापडेल, दोन्ही एकच. याची फुलं जेमतेम सात-आठ मिलिमीटरची, पानांच्या बेचक्यात एक किंवा दोन, आखूड देठावर. कडेच्या पाकळ्या इतक्या बारीक आणि इतक्या दाट की पांढऱ्या दोऱ्यांची झालर लावल्यासारखी वाटते. आणि मुख्य म्हणजे मध्ये पिवळं काही नाही. चकती हिरवट पांढरी, त्यात काळपट ठिपके. ते परागकोश. पांढऱ्या फुलात मधोमध पिवळी टिकली दिसली की तो माका नाही, इतकं लक्षात ठेवलंत तरी एकदांडीशी घोटाळा होणार नाही. पानं लांबट, समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची. पान टोकाकडून देठाकडे बोट फिरवून बघा, खरखरीत लागतं, कारण त्यावरचे ताठ केस टोकाच्या दिशेने आडवे झोपलेले असतात. झालर गळल्यावर हिरवं, चपटं बटण उरतं. त्यातलं बी तिळापेक्षा बारीक आणि खडबडीत असतं. त्याला झुपका नसतो, ते उडत नाही, जागीच पडतं. म्हणून माका ओलीच्या आसपास सापडतो: ओढ्याकाठी, भातखाचराच्या बांधावर, गळक्या नळाखाली.

शेवटची खात्री हाताने करायची. माझी आजी हेच करायची आणि मला याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही. कोवळा शेंडा तळहातावर चांगला चुरडायचा, रस पांढऱ्या कागदावर पुसायचा आणि थांबायचं. आधी डाग पालकासारखा हिरवा दिसतो. पाहता पाहता कडेने काळवंडायला लागतो आणि थोड्या वेळात निळसर काळा होतो. बोटांवर तो रंग दुसऱ्या दिवशीही असतो. एकदांडीचा डाग असा काळा पडत नाही.

पिवळीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मला तिची खरी काळजी वाटते. पिवळा माका नावाची वनस्पती आहेच. जुन्या निघंटूंतही, म्हणजे आयुर्वेदातल्या वनस्पतींच्या कोशांतही, फुलांच्या रंगावरून भृंगराजाचे प्रकार सांगितले आहेत. ती म्हणजे स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया. तुमच्या बागेतली तिची सख्खी बहीण, स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनकडची. दोघी जमिनीवर सरपटतात, दोघी पेरांना मुळं धरतात, दोघींची फुलं पिवळी. फरक बघायचा तो पानांत. आपल्या पिवळ्या माक्याचं पान अरुंद, लांबट, खरखरीत आणि अखंड असतं. सिंगापूर डेझीचं रुंद, चकचकीत, आणि बहुतेक पानांना दोन बाजूंनी कोपरे फुटून तीन भाग झालेले. एखाददुसरं पान बिनकोपऱ्याचंही निघतं, म्हणून एका पानावर ठरवू नका, पाच-सहा जोड्या बघा. दक्षिण चीनमध्ये या दोघींचा संकरही आढळला आहे. इतक्या त्या जवळच्या.

मी स्वतः एका नर्सरीतून 'पिवळा भृंगराज' म्हणून रोप आणलं होतं. दोन पावसाळ्यांत प्राजक्ताखालचा सगळा वाफा तिने झाकून टाकला आणि खालची दुर्वा मेली. ही बियांपेक्षा तुकड्यांनीच पसरते. जगातल्या शंभर अत्यंत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. म्हणून सोसायटीत छाटणी झाली की ते वेल ओढ्यात किंवा टेकडीवर टाकू देऊ नका. कडक उन्हात डांबरावर पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात. माळ्याला हे एकदा समोर उभं राहून सांगा, नुसता निरोप पोचत नाही.

तिसऱ्या फोटोतला माका खरा असला तरी त्या नाल्याचा घेऊ नका, सांडपाण्यातला पाला तेलात नको आणि पानावरही नको. पंधरवड्यात मंडईत माक्याच्या जुड्या येतात, तिथून घ्या आणि घेताना एक शेंडा चुरडून बघा. जुडीत बटणं धरलेली काडी मिळालीच तर ती कुंडीत ओल्या मातीवर झटका. चार-पाच रोपं सहज येतील. ती उगवली की कडेने काढलेला फोटो मला पाठवा.