'डॉ. स्ट्रेंजलव्ह' : अणुयुद्धावर हसावे का?

प्रश्न : स्टॅन्ली कुब्रिक यांचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) पाहताना मी मनापासून हसलो. पण जग नष्ट होत असताना आपण हसत होतो, या विचाराने नंतर अपराधी वाटले. एवढा भीषण विषय विनोदाने हाताळणे योग्य आहे का?

उत्तर : कुब्रिक यांनाही आरंभी गंभीर चित्रपटच काढायचा होता. त्यासाठी त्यांनी निवडलेली पीटर जॉर्ज यांची 'रेड अलर्ट' ही १९५८ सालची कादंबरी पूर्णपणे गंभीर आहे. पटकथा लिहिताना मात्र त्यांच्या लक्षात आले, की प्रसंगाचे हसे होऊ नये म्हणून आपण जे तपशील गाळत आहोत, तेच प्रत्यक्षात घडण्याचा संभव सर्वांत अधिक आहे. तेव्हा त्यांनी गाळणे थांबवले आणि टेरी सदर्न या उपरोधिक लेखनात मुरलेल्या लेखकाला सोबत घेतले.

असा एक तपशील नीट पाहण्यासारखा आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणे हा साम्यवाद्यांचा कट आहे, अशा भ्रमाने पछाडलेल्या अमेरिकी हवाई दलातील जनरल रिपरने आपली बॉम्बफेकी विमाने रशियावर सोडलेली आहेत. ती परत बोलावण्याचा संकेत कॅप्टन मँड्रेक या ब्रिटिश अधिकाऱ्याने मोठ्या चातुर्याने ओळखला आहे. परंतु तळावरच्या दूरध्वनीच्या तारा तुटल्या आहेत आणि चालू आहे तो फक्त नाणी टाकून वापरायचा सार्वजनिक फोन. मँड्रेकजवळ पुरेशी नाणी नाहीत. बोलण्याचे पैसे पलीकडच्याने द्यावेत म्हटले, तर व्हाइट हाउस त्याला तयार नाही. शेवटी शीतपेयाच्या यंत्रावर गोळी झाडून नाणी काढावीत, अशी विनवणी तो एका कर्नलला करतो आणि कर्नल म्हणतो, की ही खासगी कंपनीची मालमत्ता आहे. या दृश्यात कोणीही विदूषकी चाळे करत नाही. टेलिफोन ऑपरेटर नियमाने वागत आहे, कर्नल नियमाने वागत आहे, आणि त्या नियमांच्या मधोमध जगाचे भवितव्य अडकून पडले आहे.

म्हणूनच तुम्ही मेलेल्या माणसांना हसला नाहीत. बॉम्बखाली सापडलेला एकही नागरिक या चित्रपटात दिसत नाही. हसू येते ते जबाबदार माणसांच्या बोलण्याला. प्रतिहल्ल्याआधीच पूर्ण ताकदीने हल्ला चढवला, तर आपली एक-दोन कोटी माणसेच मरतील, असे जनरल टर्जिडसन राष्ट्राध्यक्षांना उत्साहाने सांगतो, तेव्हा त्याचे अंकगणित त्या काळच्या युद्धतज्ज्ञांच्या पठडीतलेच असते. हर्मन कान यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर' या ग्रंथात अणुयुद्धाच्या निष्पत्तींची मांडणी काही कोटी मृत्यूंच्या तक्त्यांनीच केलेली आहे, आणि कुब्रिक यांनी तो बारकाईने वाचला होता.

मला स्वतःला रिपरने सोडलेल्या विमानांपैकी एका, मेजर काँगच्या विमानातला भाग सर्वांत भयंकर वाटतो. क्षेपणास्त्राच्या तडाख्याने संदेशयंत्रणा निकामी झालेले ते बी-५२ विमान, इंधन गळत असताना, रडारला चुकवत जमिनीलगत उडत राहते. सैनिक शूर आहेत, कुशल आहेत, एकमेकांना धरून आहेत. इतर कोणत्याही युद्धपटात ते नायक ठरले असते. त्यांना यश यावे, असे पाहणाऱ्याला क्षणभर वाटते, आणि तेथेच चित्रपट त्याला पकडतो. त्याच वर्षी सिडनी ल्युमेट यांचा 'फेल सेफ' हा जवळपास याच कथेवरचा गंभीर चित्रपट आला. तो उत्तम आहे. परंतु त्यातील राष्ट्राध्यक्षाचा असह्य त्याग पाहून त्याच्याविषयी आदर वाटू लागतो आणि त्या आदरात थोडा दिलासाही मिळतो. कुब्रिक तो दिलासा देत नाहीत.

प्रश्न : असे काही घडूच शकत नाही, असा अमेरिकी हवाई दलाचा खुलासा चित्रपटाच्या आरंभी येतो. मग वास्तवाशी याचा संबंध कितपत आहे?

उत्तर : खुलाशातून वाटतो त्यापेक्षा बराच अधिक. राष्ट्राध्यक्षांशी संपर्कच होऊ शकला नाही, तर विशिष्ट परिस्थितीत अण्वस्त्रे वापरण्याची मुभा आयझेनहॉवर यांनी काही वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना आधीच देऊन ठेवली होती, हे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून स्पष्ट झाले. सांकेतिक आकडे जुळल्याखेरीज अस्त्र सज्ज होऊ नये, अशी कुलपे बसवण्याचा आदेश केनेडी यांनी १९६२ साली दिला, तोही युरोपातील अस्त्रांपुरता. अण्वस्त्रे घेऊन सतत आकाशात राहणारी बी-५२ विमाने तर चित्रपटातल्यासारखीच खरी होती, आणि जानेवारी १९६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील गोल्ड्सबरोजवळ त्यांपैकी एक कोसळून दोन हायड्रोजन बॉम्ब जमिनीवर पडले होते.

चित्रपटात रशियाकडे हल्ला होताच आपोआप सारे जग नष्ट करणारे प्रलययंत्र आहे. त्याचे काय, असेही विचारता येईल. नेतृत्व नष्ट झाले तरी प्रतिहल्ला व्हावा, यासाठी सोव्हिएत संघाने 'पेरिमीटर' ही यंत्रणा १९८० च्या दशकात खरोखर उभारली. फक्त ती पूर्णपणे स्वयंचलित नव्हती, भूमिगत कक्षातील अधिकाऱ्यांचा निर्णय तिच्यात आवश्यक ठेवला होता. मात्र तिचे अस्तित्व जगापासून दडवण्यात आले. यंत्र गुप्त ठेवले तर त्याचा धाक कोणाला बसणार, हा राष्ट्राध्यक्षांचा शास्त्रज्ञ-सल्लागार असलेल्या डॉ. स्ट्रेंजलव्हचा प्रश्न वीस वर्षे आधीच पडद्यावर विचारला गेला होता.

प्रश्न : शेवटी वॉर रूममध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि सेनापतींच्या युद्धकक्षात, क्रीमच्या 'पाय' या केकसारख्या पदार्थाची फेकाफेक होती, ती चित्रपटातून वगळली का?

उत्तर : होय, ती चित्रित झाली होती, पण वगळली गेली. ती निव्वळ प्रहसन ठरते आणि उरलेल्या चित्रपटाच्या उपरोधाशी जुळत नाही, असे कारण कुब्रिक यांनी दिले, आणि ते मला पूर्ण पटते. एकमेकांवर क्रीमचे पदार्थ फेकणारे सेनापती साधे विदूषक झाले असते. आताच्या शेवटात ते गंभीर चेहऱ्याने खोल खाणींत कोणाकोणाला जगवायचे याचा हिशेब करतात, आणि प्रलय सुरू होण्याच्या बेतात असताना टर्जिडसनला काळजी लागते ती रशियाकडे आपल्यापेक्षा जास्त खाणी तर होणार नाहीत ना, याची.