तोफा होत्या, मग पूजा तलवारीची का?

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या दसऱ्याला पाटावर पुठ्ठ्याची तलवार मांडून हळदकुंकू वाहिलं, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, मराठ्यांकडे बंदुका नव्हत्या का? होत्या तर पूजा तलवारीचीच का?" मी गडबडीत "होत्या गं" म्हणून सुटलो. पण तेवढ्यावर भागणारा प्रश्न नाही तो, म्हणून सवडीने लिहितोय.

पावनखिंडीची गोष्ट तुला पाठ आहे. खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू कशाची वाट बघतात? विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजाची! म्हणजे तुझ्या लाडक्या गोष्टीतच तोफ आहे, फक्त आपलं लक्ष तलवारीकडे असतं. त्याआधी महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात अडकले होते, ते साल १६६०. तिथेही तोफांचंच एक प्रकरण झालं. सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज गेले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर तोफा डागल्या. आलेले व्यापाराला, आणि उद्योग हे! पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या साथीदारांना कैदेत घातलं. पण गंमत बघ, नंतरही तोफा हव्या असल्या की बोलणी याच टोपीकरांशी करावी लागत. फ्रेंचांकडूनही तोफा घेतल्या. उत्तम तोफ ओतायचं कसब तेव्हा आपल्याकडे कमी पडत होतं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

ते कसब पुढे आलं. महादजी शिंद्यांनी द बॉइन नावाच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या आणि आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना चालवला. त्या तोफा काय तोलाच्या होत्या ते २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला दिसलं. असई म्हणजे आत्ताच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ. समोर होता आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. लढाई त्याने जिंकली खरी, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि त्यातली बरीचशी या तोफांनी लोळवली. इंग्रजांची फळी तोफा ओलांडून पुढे गेली तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून इंग्रजांवर फिरवल्या! (गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. क्रिकेटमधला नंतरचा.) सरदारांच्या घोडदळाने मात्र त्या दिवशी फारसं काही केलं नाही. शाळेतल्या कुणी "तुमच्याकडे नुसत्या तलवारी होत्या म्हणून तुम्ही हरलात" म्हटलं, तर त्याला असई सांग.

आता पूजेकडे येतो. दसरा पावसाळा संपता संपता येतो, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. जुनी बंदूक तोड्याची असे. जळती वात रंजकेला, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूला लावायची, मग बार उडणार. कोकणातल्या किंवा मावळातल्या पावसात वात विझते आणि दारू सर्द होते. नद्यांना पूर, वाटांवर चिखल, त्यात तोफेचा गाडा ओढणार कोण? म्हणून चार महिने फौजा घरी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभार कसा करावा ते सांगणाऱ्या साधारण १७१५ च्या सुमाराच्या ग्रंथात, याची अगदी बारीक ताकीद आहे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्या. तोफेचा काना, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, मेणाने भरून टाका. दारू गच्ची केलेल्या तळघरात माचावर ठेवा, तिला सर्दी लागू देऊ नका. आठ-पंधरा दिवसांनी ती हवालदाराने समोर बाहेर काढवून उन्हं द्यावीत आणि पुन्हा मोहर करून ठेवावी. आजी पापडांना उन्हं दाखवते ना, तसंच! मग पाऊस ओसरला की सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, गंज घासायचा आणि मोहिमेवर निघायचं. नवमीला शस्त्रपूजा, दशमीला सीमोल्लंघन. त्या नवमीला खंडेनवमी म्हणतात. आधी डागडुजी, मग हळदकुंकू, असं मला तरी वाटतं.

आणि पूजा तलवारीचीच होते असंही नाही हं. महाराष्ट्रात पोलीस मुख्यालयांत दसऱ्याला रायफलींना झेंडूचे हार घालतात. आपल्या आजीच्या घरी विळी, कोयता, शिलाई मशीन आणि आजोबांचा पान्हा एका रांगेत असतो.

तरी तलवारीचा मान वेगळा, हे तुझं बरोबर आहे. तोफ सरकारची, दारूगोळा सरकारचा. शिलेदार मात्र घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन यायचा. तलवार घरातली, बापाकडून मुलाकडे आलेली. जेजुरीला खंडोबाचा बेचाळीस किलोचा खंडा, म्हणजे भली जड तलवार आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो एका हाताने तोलून धरायची स्पर्धा असते, आणि काही गडी तर दातांनी उचलतात. हा खंडा देवाला कुणी वाहिला माहीत आहे? पानसे सरदारांनी. हे पानसे कोण, तर पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख! आयुष्य तोफांत गेलेल्या घराण्याने देवापुढे ठेवली ती तलवारच. तुझ्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

याच पानशांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान सासवडजवळ सोनोरीला मल्हारगड बांधला. किल्ला लहानसा, तीन कोनी. डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा सकाळी तो चढू आणि दुपारी जेजुरी करू. आईला तू विचार, मी विचारलं तर नाही म्हणेल.

तुझा,
बाबा