तिथी बघा, मग तिकीट काढा

थंडीची चाहूल लागली की ठाणे आणि नवी मुंबईतून सहलींबद्दल पत्रं येतात. बहुतेकांचा प्रश्न ‘कुठे जावं’ असा असतो. जागा तर जवळच आहेत, पण चुकीच्या वेळी गेलं तर चांगली जागाही रिकाम्या हाताने परत पाठवते. म्हणून या वेळच्या उत्तरांत घड्याळ आणि पंचांग जास्त आहे.

प्रश्न : फ्लेमिंगो बघायला रविवारी दुपारी बारा वाजता ऐरोलीला पोहोचलो. बोटी बंद होत्या. समोर नुसता चिखल, आणि पक्षी दूरवर ठिपक्यांसारखे. मुलं हिरमुसली. आमचं काय चुकलं? (घणसोली)

त्या दिवशी अष्टमीच्या आसपासची तिथी असणार. बोटीला पाणी लागतं, रोहितांना म्हणजे फ्लेमिंगोंना चिखल. खाडीत ओहोटी असली की बोट रुतते, म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या फेऱ्या भरतीच्या आगेमागेच सुटतात आणि त्यांच्या वेळा रोज बदलतात. भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे ‘मागच्या रविवारी शेजारी दहाला गेले होते’ या माहितीचा काही उपयोग नाही.

कोकणातले दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या एक ठोकताळा वापरतात : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. एकादशी म्हणजे ११ ची पाऊणपट सव्वाआठ. द्वादशीला नऊ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि भरती दिवसातून दोनदा, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती म्हटल्यावर दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. तुम्ही नेमके तेव्हाच पोहोचलात.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला भरती पोहोचायला आणखी वेळ लागतो. तेव्हा दिवस तिथीवरून ठरवा, पण तास केंद्राला विचारूनच पक्का करा आणि तिकीट आधी काढा. मुलं बरोबर असतील तर एकादशी ते त्रयोदशीच्या दरम्यान येणारा सुटीचा दिवस उत्तम, कारण भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या आसपास येते आणि ऊन चढायच्या आत फेरी होते. पाणी उतरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि थवे त्यांवर चरायला उतरतात. म्हणून फेरी निवडायला मिळाली तर भरती ओसरतानाची निवडा.

पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात. जानेवारी ते एप्रिल हा भरवशाचा काळ. थव्यात राखाडी-पांढुरके पक्षी दिसले तर मुलांना सांगा की ती आजारी नाहीत, ती पिल्लं आहेत. शेवाळ आणि बारीक जीवांतून मिळणारं रंगद्रव्य अंगात साठत गेलं की वय वाढेल तसा गुलाबी रंग चढतो.

बोटीला वेळ असेल तर केंद्राच्या आवारातली कांदळवनातली फळ्यांची वाट चालून या. आजी-आजोबांनाही ती झेपते. चिखलातून वर आलेले पेन्सिलीएवढे कोंब ही तिवरांची श्वसनमुळं. तिथल्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला बाहेर येतात. पांढरी चिप्पी कुठे आहे तेही विचारा. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

बोट जमलीच नाही तर सीवूड्सजवळच्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर जा. तिथलं गणित उलटं आहे. खाडी भरली की चरायची जागा बुडते आणि थवे विश्रांतीला या उथळ पाण्यात येतात. म्हणजे इथे ऐन भरतीलाच पोहोचायचं. थवा उडताना फोटो मिळावा म्हणून तिथे टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे लोक असतात. कळकळीने सांगतो, मुलांना त्यांच्यापासून लांब उभं करा. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती त्या पक्ष्यांनी अशा उडण्यावर घालवावी, हे बरोबर नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये येऊरच्या धबधब्यावर मुलांना नेलं तर चालेल का? गुडघाभरच पाणी असतं म्हणतात. (वागळे इस्टेट)

नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असते, आणि तिला कारण आहे. येऊरचे ओढे आखूड आणि उताराचे. ऑगस्टपर्यंत जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते. वर डोंगरात अर्धा तास जोराचा पाऊस पडला की सगळं पाणी सरळ ओढ्यात येतं, आणि तुम्ही उभे असाल तिथे कदाचित ऊन असतं. पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहत येणं, आवाज बदलणं या खुणा दिसल्या की हाताशी फार थोडा वेळ उरतो. कातळावरच्या शेवाळावरून मूल कडेवर घेऊन तेवढ्यात बाहेर पडता येत नाही.

त्याऐवजी सकाळी उपवन तलावापासून वर येऊर गावापर्यंतच्या डांबरी रस्त्याच्या कडेने चाला. ऑगस्टमध्ये तेरडा फुललेला असतो, रानहळदीची फुलं दिसतात. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल दिसलं तर ती कळलावी. बघा, तोडू नका. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर फारच. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि सोमवारी उद्यान बंद असतं. अंधार पडायच्या बऱ्याच आधी खाली उतरा. हा बिबट्याचा मुलूख आहे आणि तिन्हीसांजेला तो हिंडायला निघतो. चालताना लहान मूल मोठ्यांच्या मध्ये, कधीच सगळ्यात मागे नाही.

प्रश्न : आम्ही सहाजण. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकराचा, सासूबाई सत्तर वर्षांच्या. कर्नाळ्याचा किल्ला सगळ्यांना जमेल का? (पनवेल)

किल्ला सगळ्यांना नाही, अभयारण्य मात्र सगळ्यांना. दोन गट करा. सासूबाई, मुलगी आणि एक मोठं माणूस हरियाल नावाच्या छोट्या निसर्गवाटेवर हळूहळू फिरतील. मुलगा आणि बाकीचे किल्ल्याकडे जातील. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, ते पिवळ्या पायांचं हिरवं कबुतर. उंबर-वडाला फळं लागलेली असतील तर त्याच झाडाखाली थांबा. पक्षी शोधत फिरण्यापेक्षा फळलेल्या झाडाखाली वीस मिनिटं गप्प बसलेल्याला जास्त दिसतं.

दार उघडताच आत शिरा. पक्ष्यांची खरी लगबग साडेनऊपर्यंत. किल्ल्याला चढायला रमतगमत दोन तास धरा. माथ्यावर पोहोचायचंच असा हट्ट न धरता परतीची वेळ आधी ठरवा : साडेदहा वाजले की जिथे असाल तिथून मागे. पाणी मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला एक. निम्मं संपलं आणि अजून चढच चालू असेल, तरीही मागे.

अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याशी गेल्यावर आवाज बंद. कड्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड यांपैकी काहीही चालणार नाही. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. ओढणीने किंवा टॉवेलने डोकं-तोंड झाका आणि न थांबता तिथून दूर निघा. काटा राहिला तर नखाने लगेच खरवडून काढा. जेवढा वेळ राहील तेवढं विष आत जातं. ओठ सुजले, दम लागला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय.

दारावर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, त्या परत दाखवल्या की पैसे परत. स्टीलचे डबे-बाटल्या नेल्या की ही रांगच टळते. पनवेलहून पेण-अलिबागकडच्या एसटीने दाराशी उतरता येतं. गाडीने गेलात तर दुपारी दोनपर्यंत परत फिरा, रविवारी संध्याकाळी गोवा महामार्ग तुंबतो. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मुलगा अकराचा आहे, त्याला हे किल्ला दिसायच्या आधी सांगा.

प्रश्न : सकाळी सहाला केलेलं जेवण दुपारपर्यंत आंबतं. काय न्यावं? (कळवा)

दशम्या. दोन वाट्या कणकेला चमचाभर तेलाचं मोहन, मीठ आणि मावेल तेवढं दूध, साधारण पाऊण वाटी. पाण्याचा थेंबही नको, म्हणूनच त्या टिकतात. मोठ्याला चार, लहानाला दोन. बरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी आणि गूळ. आंबण्याचं नेहमीचं कारण पदार्थ नसून घाई असते : गरम असतानाच डबा बंद केला की वाफेचं पाणी होऊन झाकणावरून खाली टपकतं. पूर्ण गार होऊ द्या. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात नकोच. काकडी अख्खी न्या, तिथे चिरा. माकडांना पिशवीची करकर कळते, म्हणून खाऊ सॅकच्या तळाशी, कापडात गुंडाळून. हातातला वेफर्सचा पुडा माकडाने ओढला तर सोडून द्या, झोंबाझोंबीत मुलांना ओरखडे बसतात.

प्रश्न : मागच्या डिसेंबरमध्ये मुलाच्या हाताला रानात भयंकर खाज सुटली. पाणी लावून चोळलं तर वाढली. (माजिवडा)

ही बहुधा खाजकुयली. पावसाळ्यानंतर तिच्या शेंगा वाळतात आणि तपकिरी मखमलीसारखी कुसं वाऱ्यावरही उडतात. चोळल्याने ती आणखी आत रुततात. आधी चिकटपट्टी हलकेच दाबून ओढा, चार-पाच वेळा नव्या तुकड्याने. मग भरपूर वाहतं पाणी, आणि कपडे बदला, कारण कुसं शर्टातही अडकलेली असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा हाच खरा उपाय.

प्रश्न : मुलांसाठी दुर्बीण घ्यायची आहे. मोठ्यात मोठा आकडा घ्यावा का? (नेरूळ)

नको. पहिला आकडा किती पट दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा किंवा बारा पटीत हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दृश्याचा घेर लहान होतो, त्यामुळे मुलांना पक्षी सापडतच नाही. दहा वर्षांच्या आतल्यांना ८×३०, मोठ्यांना ८×४२. झूमवाली टाळा. दुकानातच मुलाच्या डोळ्यांना लावून बघा. दोन नळ्या पुरेशा जवळ येत नसतील तर त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतील, आणि ती दुर्बीण कपाटात पडून राहील.

घरी आल्यावर आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवा. यानंतर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांपाशीचे रबरी कप खाली दुमडा. आणि मुलांकडून गॅलरीतल्या कावळ्यावर सराव करून घ्या : आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची.