मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातच उन्हाळ्यात टँकर का लागतात?

माझं आजोळ शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढे. राहतो भांडुपला, जलशुद्धीकरण केंद्राजवळ. पाणी निघतं तिथलाही मी आणि पोचतं तिथलाही, म्हणून उत्तर देतोय.

पाऊस कमी पडतो म्हणून टँकर, हे आधी डोक्यातून काढा. पाऊस धो धो पडतो. पण खाली काळा कातळ, पाणी मुरतं कुठे? उतारावरून सरळ निघून जातं. तानसा, भातसा ही धरणं खालच्या अंगाला आणि पाडे वर टेकाडावर. तानसाचं पाणी १८९२ पासून उताराने मुंबईला येतंय. पाड्यावर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी आणि बिल भरणारं कोणीतरी हवं.

ते परवडत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला पिसे दाखवा. भातसाचं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्याला येतं आणि तिथून पंपांनीच उचलून पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात. मुंबईसाठी.

दुसरी गोम कागदाची. योजना गावाच्या नावावर होते आणि गाव म्हणजे रस्त्याकडेचं गावठाण. मामाचा पाडा त्याच महसुली गावातला, पण ओढ्यापलीकडे दीड किलोमीटर वर. गावठाणात टाकी झाली, कागदावर गाव पूर्ण! पुढे पाड्यावरही नळ बसले, आठवडाभर पाणी आलं. मग पंपाचं बिल थकलं, वीज तोडली. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप आहे. मामीने त्या नळाला दोरी बांधून कपडे वाळत घातलेत.

मे महिन्यात टँकर पाड्यापर्यंत चढत नाही, खालच्या विहिरीत पाणी ओतून जातो. गाळ ढवळून निघतो, पण तो खाली बसायची वाट बघत थांबलं तर हंडा रिकामाच राहतो. चारी बाजूंनी पोहरे पडतात, दोर एकमेकांत अडकतात, भांडणं होतात. मग डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि तो चढ. मी एकदा कळशी घेऊन गेलो होतो. अर्धी सांडली, बायका हसल्या.

आता इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची योजना आहे. धरण घाटमाथ्यावर, त्यामुळे पाणी उतारानेच येणार. हे मला पटतं. पंपच नसेल तर बिल कशाचं थकणार? पाइप ओढा ओलांडतो की गावठाणाच्या टाकीशीच थांबतो, ते मात्र मी मामीलाच फोन करून विचारणार आहे.