दिलगिरी म्हणजे माफीच का? आणि त्यात ‘दिल’ कुठून आलं?

दिल तेच आहे, हिंदी गाण्यांतलं. शब्द फारसी, दिल अधिक गीर. गीर म्हणजे धरणारा, पकडणारा, त्याच कुळातला गिरफ्तार आणि आपली मराठ्यांची मुलूखगिरी पण. म्हणजे मुलूखगिरीत मुलूख धरायचा आणि दिलगिरीत काळीज धरलं जातं, असा हिशोब. (दादागिरी, भाईगिरीशी गल्लत नको, तिथे गिरी नुसतं शेपूट म्हणून लागलंय.)

गंमत म्हणजे फारसी दिल आणि संस्कृत हृद् लांबचे भाऊ, तसंच गीर आणि ग्रह. आयुर्वेदात हृद्ग्रह म्हणतात ना, छाती आवळून धरल्यासारखी होते तो त्रास, तो आणि दिलगिरी एकाच मुशीतले, फक्त एक आजार झाला आणि दुसरा शिष्टाचार.

आता माफीचं. जुन्या मराठीत दिलगीर म्हणजे उदास, खिन्न, एवढंच. उर्दूत अजूनही तसंच. चूक कबूल करण्याचा त्यात संबंधच नव्हता, आणि माझ्या मते आजही पूर्ण नाहीये, म्हणूनच पुढाऱ्यांना हा शब्द एवढा आवडतो, माफी मागितली तर चूक गळ्यात पडते, दिलगिरी काय नुसती ‘व्यक्त’ करायची, मला वाईट वाटलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कुर्ल्याला लोकल वीस मिनिटं रखडली की स्पीकरवरची बाई गैरसोयीबद्दल दिलगीर असते, माफी मागताना मी तिला कधी ऐकलं नाही.

तोंडी तर कोणीच वापरत नाही हा शब्द. डब्यात कोणाला पाय लागला की आपण ‘सॉरी हां’ म्हणतो, नाहीतर काहीच न बोलता त्याला हात लावून तो हात छातीला लावतो, आणि समोरच्याला पोचतं बरोबर.

जाता जाता क्षमस्व. ते संस्कृत आज्ञार्थी क्रियापद आहे, अर्थ ‘(तू) क्षमा कर’, त्यामुळे नुसतं ‘क्षमस्व’ लिहिलं की झालं. आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की बोर्डावर ‘आम्ही क्षमस्व आहोत’ लागतं, म्हणजे ‘आम्ही क्षमा कर आहोत’. मी एकदा पेनाने ‘आम्ही’ आणि ‘आहोत’ खोडलं तर सेक्रेटरी काका आठवडाभर दिलगीर होते, जुन्या अर्थाने.