माळा रिकामा करताय? आधी कागद खाली आणा

ताई, सासऱ्यांच्या घराचा माळा ठासून भरलाय, पावसाळ्याआधी मोकळा करायचाय आणि सुरुवात कुठून करू, हे तुमचं वाचलं आणि मला आमचं नागपूरच्या मानेवाड्याचं घर आठवलं. डबे, लेबलं, भंगारवाला हे तुम्हाला कळतंच, ते सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवशी काहीच फेकू नका, फक्त कागद शोधा.

मी बावीस वर्षं जहाजावर काढली, शेवटी डेकचं स्टोअर माझ्याकडेच होतं. तिथे एकेक शॅकल म्हणजे जोडायची लोखंडी कडी, दोर, रंगाचा डबा यादीत लिहिलेला आणि बांधून ठेवलेला, कारण समुद्र खवळला की सुटी वस्तू माणसाच्या अंगावर येते. पण घरी जूनमध्ये कूलर बंद केला की त्याच्या ओलसर ताट्या, म्हणजे बाजूचे गवती पडदे, मी तशाच माळ्यावर टाकायचो, त्याला खेटून आईची पत्र्याची पेटी आणि पेटीत प्लॉटचं विक्रीपत्र. उधईला ओल मिळाली, खायला मिळालं, पेटीचं बूड गंजून भोक पडलं होतं तिथून ती आत शिरली. आम्ही उघडली तेव्हा कागदाच्या जागी माती होती.

मग एका ऑफिसात सव्वा वर्ष चकरा मारून राहिलो, दर वेळी एकच, ओरिजनल आणा. अहो, ओरिजनल उधईनं खाल्लं म्हणून तर आलो न! नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडून, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडून मिळते, हे तिथे एकानंही सांगितलं नाही, अर्धं मिनिट लागलं असतं. आई तेव्हा आजारी होती, ते दिवस मी त्या बाकावर घालवले, याचा राग अजून जात नाही.

मी वकील नाही, तुमचे दस्त फार जुने असतील तर वकिलाला दाखवा. पण आखीव पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालमत्तेचा उतारा) आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आत्ताच काढून ठेवा, आणि कागद भिंतीला टेकवून ठेवू नका.

अजून एक, जवसाच्या तेलानं दारं पुसली तर त्या चिंध्या गोळा करून माळ्यावर कोंबू नका. ते तेल वाळताना गरम होतं, गठ्ठ्यात उष्णता कोंडते आणि आपोआप पेट घेऊ शकतं. जहाजावर तेलकट चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यातच जातात. घरी एकेक पसरून बाहेर वाळवा.

दस्ताचं वर्ष आणि नंबर सापडला की सांगा, नकलेचा अर्ज कसा करायचा ते लिहितो.